पॅसेजमधली कोमट फरशी

गळती कुठे आहे ते मला ठाऊक होतं. मी तिच्यावर बसले होते.

आता लगेच कुणी "मग सांगितलं का नाहीस" म्हणून माझ्या अंगावर येऊ नये. घरात मला विचारलं कुणी होतं? विचारलं ते पुरुषोत्तमरावांना, शेजारच्या ग्लेनिसला, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच्या यच्चयावत मराठी माणसांना, आणि शेवटी एका कॅमेऱ्याला. मला एवढंच सांगत होते, "आई, तू पाय वर घेऊन बस." घेतले पाय वर. बसले.

ऑकलंडमधल्या बॉटनी डाउन्सचं हे घर माझ्या मुलाने, विवेकने, घेतलं तेच मुळी त्यातल्या हीटिंगवर भाळून. इथे बहुतेकांच्या घरात भिंतीवर एक हीट पंप असतो. तो ज्याच्या डोक्यावर वारा सोडतो त्याचं डोकं तापतं, बाकीचे कुडकुडतात. आमचं घर बांधणारा माणूस इंग्लंडहून आलेला. त्याने गॅरेजमध्ये बॉयलर बसवला, खोल्याखोल्यांत भिंतीला लोखंडी रेडिएटर उभे केले, आणि बॉयलरचं ऊन पाणी त्यांच्यापर्यंत न्यायला जमिनीतल्या काँक्रीटमधून पाइप घातले. कुठून घातले ते कुणालाही न सांगता घर विकून तो ऑस्ट्रेलियाला गेला. शहाणा माणूस. उन्हात गेला.

बॉयलरला एक काटा आहे. काटा हिरव्या पट्ट्यात असला की घर गरम. जून लागला, इथली थंडी सुरू झाली, आणि काटा खाली यायला लागला. विवेक सकाळी नळ उघडून पाणी भरायचा, काटा वर यायचा. संध्याकाळी पेनरोजच्या ऑफिसातून परत येईपर्यंत पुन्हा खाली. फार खाली गेला की बॉयलर रुसून बंद पडायचा.

"बंद सर्किट आहे, आई. यातून पाणी जायलाच नको," विवेक म्हणायचा.

"जातंय ना पण."

"तेच तर. जातंय कुठे?"

पूर्वी हा मुलगा उठला की आईला विचारायचा, झोप लागली का. आता उठला की आधी गॅरेजमध्ये जाऊन काट्याची तब्येत विचारतो. चालायचंच. काटा निदान उलट बोलत नाही.

आता माझ्या फरशीचं सांगते. स्वयंपाकघरातून लाँड्रीकडे जायला एक अरुंद पॅसेज आहे. तिथे एके ठिकाणी फरशी कोमट लागायची. घरात सगळे मेंढीच्या लोकरीचे सपाते घालून फिरतात, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. अनवाणी आम्ही दोघीच. मी जन्माची सवय म्हणून, आणि माझी नात धम्मदीना, या देशातली पोरं तशीच हिंडतात म्हणून. शाळेतून निघाली की बूट दप्तरात आणि पाय डांबरावर. पुण्यात ताडीवाला रोडला मी हिच्या बापाला चपला मिळाव्यात म्हणून काय काय केलं, आणि ही बूट हातात घेऊन चालते. असो.

मला ती जागा सापडली आणि पहिल्यांदा आठवलं ते दही. ऑकलंडच्या थंडीत दही लागत नव्हतं. सूनबाई मृदुला म्हणायची, "आई, सुपरमार्केटमधून आणते ना, हीप्स मिळतं, ढिगाने." मिळतं, पण ते दही नव्हे, पांढरा रंग आहे नुसता. मी विरजणाचं पातेलं त्या फरशीवर ठेवलं, वर टॉवेल टाकला, आणि सकाळी बघते तर सुरीने वडी कापावी असं दही. मग मी तिथे सतरंजी टाकली. भिंतीला उशी लावली. जुन्या साड्यांची गोधडी शिवायला घेतली होती, ती तिथे पसरली. माझं संस्थान झालं ते.

आणि मग त्या संस्थानात दीना आली.

ही पोर चौदाची. उन्हाळ्यात हे लोक हॅमिल्टन सोडून इकडे आले, तिच्या मैत्रिणी तिकडे राहिल्या, आणि हिने दार लावून घेतलं. खोलीचंही आणि तोंडाचंही. काही विचारलं की "फाइन". जास्त विचारलं की "व्हॉटेव्हर". मृदुलाने नेटबॉलला घातलं, शाळेतल्या समुपदेशक बाईंना भेटवलं, पुस्तकं वाचून वाचून त्याप्रमाणे प्रश्न विचारले. पोर गप्प. मराठी तिला कळतं सगळं, पण उत्तर इंग्रजीत, तेही चिमटीने मीठ घालावं तेवढंच.

एक दिवस पावसातून भिजून आली. अनवाणी तशीच पॅसेजमधून लाँड्रीकडे निघाली आणि माझ्या सतरंजीच्या कडेला थबकली. खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"इट्स वॉर्म," ती म्हणाली.

"हं," मी म्हणाले, आणि सुई-दोरा तिच्या हातात दिला. "ओवून दे. मला नेढं दिसत नाही."

ती बसली. ओवून दिलं. दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं की शाळेत एक मुलगी आहे, ती स्वतः सगळं करते आणि दुसऱ्यांच्या चहाड्या सांगते, अशा बाईला मराठीत काय म्हणतात. मी सांगितलं, "आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून." पोर अशी हसली की पातेल्यातलं दही हललं. मग रोज एक टोमणा. नेटबॉलची कॅप्टन हरल्यावर मैदानाला नावं ठेवते? "नाचता येईना, अंगण वाकडं." मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पण टोमण्यांत माझी पीएचडी आहे. टोमण्याला पुढेमागे वाक्य लागतं, वाक्याला गोष्ट लागते, आणि गोष्टीत ती कॅप्टन कोण, हॅमिल्टनच्या मैत्रिणी आता फोन का करत नाहीत, सगळं आपोआप येत गेलं. मराठीतून. मोडकं, पण मराठी. मी वर बघायची नाही, टाका घालत राहायची. वर बघितलं की पोरं बोलायची थांबतात, एवढं मला चार दीर आणि दोन मुलं वाढवून कळलेलं आहे.

हे सगळं त्या एका फरशीवर. सोफ्यावर तीच पोर पुन्हा मुकी.

आणि नेमका अशा वेळी विवेकने प्लंबर आणला.

हेमी त्याचं नाव. माओरी, दाराएवढा माणूस. आल्याबरोबर बूट काढून म्हणाला, "किया ओरा, आंटी." मी म्हणाले, "जय भीम." त्याने ते दोनदा म्हणून नीट पाठ केलं. माणूस चांगला. पण त्याने बॉयलर बघितला, सांधे बघितले, सगळं कोरडं, आणि विवेकला म्हणाला की गळती काँक्रीटच्या खाली आहे, घरात कुठे एखादी जागा उगाच गरम लागते का ते बघा.

विवेकने मला मराठीत सांगितलं, "आई, तो म्हणतोय, कुठे फरशी गरम लागली तर सांगा."

तेव्हा मला कळलं मी कशावर बसले आहे ते.

मी गोधडीचा कोपरा जरा ओढून घेतला. "इथे काय गरम लागणार," मी म्हणाले. "माणसं थंड झालीत, फरशी कशाला गरम लागेल."

हे वाक्य खोटं नाही. कुणीही तपासून बघावं.

मग सल्ले सुरू झाले. ग्लेनिस कुंपणावरून म्हणाली, हीटिंग कशाला हवं, अंगात अजून एक स्वेटर घाला. तिच्या घरात खिडक्यांना आतून पाणी सुटतं आणि ती त्याला ताजी हवा म्हणते. व्हॉट्सॲपवर कुणी सांगितलं बॉयलर विका, कुणी सांगितलं घर विका, आणि एकाने केवळ "गुड मॉर्निंग" आणि कमळाचं चित्र पाठवलं.

पण पुरुषोत्तमराव ते पुरुषोत्तमराव. पलीकडच्या गल्लीत मुलाकडे असतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते स्टीलचा पेला घेऊन आले आणि घरभर पेला फरशीला, कान पेल्याला, असे रांगत फिरले. माझ्यापाशी आल्यावर म्हणाले, "नंदाताई, आपण जरा—"

"माझे गुडघे," मी म्हणाले.

"बसा, बसा. तुमच्याखाली काय असणार."

त्यांनी जाहीर केलं की प्रत्येक धरण थोडं गळतंच, पण ते शोधायची शास्त्रीय पद्धत आहे. पाण्यात रंग सोडायचा. रंग जिथे बाहेर येईल तिथे गळती. विवेक म्हणाला तसला रंग विकत मिळतो, मागवायला हवा. पुरुषोत्तमराव म्हणाले, "मागवायचा कशाला? घरात हळद नाही?"

माझी हळद. सांगलीची. विमानतळावर त्या हातमोजे घातलेल्या मुलीला मी डिक्लेअर करून, उघडून, वास देऊन सोडवून आणलेली. मी डबा काढून दिला. का दिला? मला माहीत होतं की फरशीखालून हळद काही वर येऊन दिसायची नाही, आणि तोवर तेवढाच वेळ जाईल. थोडक्यात, मी माझ्या हळदीचं बलिदान दिलं. हे कुणी लिहून ठेवत नाही.

इंजिनियर मुलगा आणि निवृत्त अभियंता, दोघांनी मिळून बाथरूममधल्या टॉवेल वाळवायच्या रेडिएटरचं वरचं बूच काढलं आणि नरसाळ्याने हळदीचं पाणी आत ओतलं. मग बॉयलर लावला. मग वाट बघितली. गळतीतून काही आलं नाही. पण विवेक हवा काढायला म्हणून बैठकीच्या खोलीतल्या रेडिएटरपाशी गेला, किल्ली फिरवली, आणि नव्याने रंगवलेल्या भिंतीवर, पडद्यावर आणि पुरुषोत्तमरावांच्या शर्टवर हळद लागली. घरात लग्न नाही, कार्य नाही, आणि माणूस नवरदेवासारखा पिवळा. मृदुला कामावरून आली, भिंत बघितली आणि परत गाडीत जाऊन बसली. बराच वेळ बसली.

थोड्या वेळाने बॉयलर आचका देऊन बंद पडला.

हेमीने येऊन कुठलीशी जाळी उघडली. आतून पिवळा लगदा बाहेर आला. त्याने वास घेतला. मग विवेककडे बघितलं. "ब्रो," तो म्हणाला, "हू कुक्ड इन द बॉयलर?"

बॉयलरमधला पाणी फिरवणारा पंप गेला होता. नवा यायला वेळ लागणार होता. घर असं गार पडलं की दिव्याचं बटण दाबतानाही बोट आखडायचं. माझी फरशीही गेली. मी तरी रोज तिथे जाऊन बसले, गोधडी पायावर घेऊन. दुपारी दीना आली, तिने पाय टेकवला, मागे घेतला. "टू कोल्ड, आजी," म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन गरम पाण्याची पिशवी भरली, छातीशी धरली आणि आपल्या खोलीत गेली. दार लागलं.

त्या दिवशी माझ्या हातून टाके वाकडे पडले. पोर माझ्यासाठी येत नव्हती, उबेसाठी येत होती. मांजरं येतात तशी. मांजराचा राग येत नाही, पण मांजर गेलं की जागा रिकामी दिसायची ती दिसतेच.

पंप आला, घर तापलं, फरशी तापली, आणि पोर पुन्हा येऊन बसली, जणू काही झालंच नव्हतं. मी सुई पुढे केली. पण मनाशी पक्कं ठरवलं की आता आभाळ कोसळलं तरी ही गळती मी जाऊ देणार नाही.

आभाळाआधी विमा कंपनी कोसळली. विवेकने फोन स्पीकरवर ठेवला होता. बाई फार गोड बोलत होती. म्हणाली, हळूहळू झालेलं नुकसान आम्ही भरून देत नाही. पण हळूहळू आणि लपून झालं असेल तर देतो. मात्र जे लपलंय ते आधी सापडलं पाहिजे.

"सापडल्यावर ते लपलेलं कसं राहील?" मी विचारलं.

विवेकने स्पीकर बंद केला. पुढचं मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. शोधायला फरशी फोडायची तर आधी त्यांची परवानगी हवी. परवानगीला फोडायची जागा सांगायला हवी. आणि जागा सांगायला तज्ज्ञाचा रिपोर्ट हवा. त्या बाईचं मला मनापासून कौतुक वाटलं. दारापाशी पाहुण्याला इतक्या गोड शब्दांत उभं ठेवायला मलाही जमलेलं नाही.

म्हणून तज्ज्ञ आला. क्रेग. त्याच्याकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. थंड ते जांभळं, गरम ते पिवळं, फार गरम ते पांढरं. पुरुषोत्तमराव नवा शर्ट घालून बघायला आले. मृदुलाने सुट्टी काढली. दीना शाळेतून आली होती. आजवर पाहुणे आले की ती खोलीतून बाहेर पडत नसे. त्या दिवशी दप्तर टाकलं आणि सरळ माझ्या शेजारी येऊन मांडी घालून बसली, मांडीला मांडी लावून. मी तिच्याकडे बघितलं. तिने छताकडे बघितलं.

क्रेग खोल्या बघत बघत पॅसेजमध्ये आला. कॅमेरा आमच्यावर धरला आणि हसला. म्हणाला, या घरातल्या सगळ्यात गरम या दोघीच आहेत.

"आई, जरा उठतेस का?" विवेक म्हणाला. "एक मिनिट फक्त."

आता सांगा, मी काय नाही म्हणाले? मी उठले. दीनाने हात दिला. विवेकने गोधडी आणि सतरंजी बाजूला केली. सगळ्यांनी त्या चिमुकल्या पडद्यात डोकं घातलं.

पडद्यावर पांढराशुभ्र, भलामोठा गोल. परातीएवढा म्हणावा तर परात लाजेल. पुरणपोळीचं जेवण घातलं असतं त्यावर.

संपलं, म्हटलं.

क्रेग पडद्याकडे बघून म्हणाला, "नो वरीज. ते नुसतं नॅना बसली होती ना, त्याची ऊब आहे. काँक्रीट धरून ठेवतं."

इथे आजीला नॅना म्हणतात. सगळी डोकी पडद्यातून बाहेर आली.

विवेकने पडद्याकडे बघितलं, मग ओझरतं माझ्याकडे, मग घाईने भिंतीकडे. पूल मोजणारा मुलगा माझा, वारा किती येईल, वजन किती पडेल, सगळं मोजतो. पण आईचं बूड मोजायचं म्हटल्यावर त्याने मोजणंच सोडून दिलं. मृदुला खाकरून म्हणाली, "आई सकाळपासून बसल्यात ना." पुरुषोत्तमराव तर संस्कारी माणूस, ते पाठ फिरवून कॅलेंडर बघायला लागले. कॅलेंडर मागच्या वर्षाचं होतं.

मी अंगाने काडी. माझ्या लग्नात नवऱ्याची आत्या म्हणाली होती, नवरी कुठे आहे, ही तर नुसती साडी उभी आहे. आजही माझ्या ब्लाउजच्या उरलेल्या कापडात शेजारणीची पिशवी होते. आणि या चार शिकल्यासवरल्या माणसांनी, एका शब्दाने शंका न घेता, त्या परातीएवढ्या गोलाचं खापर माझ्यावर फोडलं. मोठ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणून. एकाने जरी मान सोडून नीट बघितलं असतं तर गळती तिथल्या तिथे सापडली असती.

मी काय करणार होते? खरं सांगावं तर फरशी जाते, न सांगावं तर अब्रू जाते. मी अब्रू जाऊ दिली. खाली बसले, गोधडी ओढली. क्रेगने रिपोर्टात त्या गोलाचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, आजीच्या शरीराची ऊब. तो रिपोर्ट विमा कंपनीत गेला. तिकडच्या बायका चहा पिताना बघत असतील.

दीना माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आजी, यू ओके?"

"मला काय धाड भरलीय," मी म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी बुद्धवंदना झाली, जेवायला बसलो. मी पिठलं केलं होतं. विवेकने घसा साफ केला. तो घसा साफ करतो तेव्हा मला त्याच्या बापाची, राजाभाऊंची, आठवण येते. तेही वाईट बातमी आधी घशातून पाठवायचे.

"आई, ठरवलंय आम्ही. गळती सापडत नाहीये. आता खालची सगळी फरशी फोडून नवीन पाइप टाकायचे. तुझी खोली, पॅसेज, सगळं. धूळ, थंडी, तुला नाही झेपणार. तू तोवर हॅमिल्टनला ताईकडे जा."

"तोवर म्हणजे?"

"थंडी संपेपर्यंत."

"तुमच्यासाठीच म्हणतोय, आई," मृदुला म्हणाली. खरंच माझ्यासाठीच म्हणत होती, तिच्या आवाजात खोट नव्हती. कल्याणी माझी लेकच, जीव लावते. पण तिच्याकडे जाऊन मी काय करू? माझी पोर इथे होती, नुकतीच बोलायला लागलेली. थंडीभर मी तिकडे राहिले तर ते दार पुन्हा लागलं असतं, आणि दुसऱ्यांदा लागलेलं दार सुई-दोऱ्याने उघडत नाही.

म्हणजे सांगावं तर फरशी जाणार, न सांगावं तर मीच जाणार. मी घास खाली ठेवला. सगळा दोष पुरुषोत्तमरावांवर जाईल असं एक वाक्य मनात जुळवत होते, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"आजी नाही जाणार."

मृदुलाच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला.

दीना ताटाकडे बघत होती. कान लाल झाले होते. मग तिने मान वर केली आणि बापाकडे बघून, सावकाश, एकेक शब्द टाचणीने लावल्यासारखा म्हणाली, "आजीचं बूड एवढं मोठं नाहीये. पाइप तिथेच फुटलाय. नाहीतर दही कसं लागतं?"

विवेकचा घास ताटात परत गेला.

"तुला माहीत होतं?" विवेकने विचारलं.

"आजीनंतर मला. माझे पाय पण उघडेच असतात."

"मग सांगितलं का नाहीस, दीना?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग इंग्रजीकडे वळणार असं वाटलं, पण नाही वळली. "लीक गेला की आजी तिथे बसणार नाही. सोफ्यावर बसेल. सोफ्यावर आजी सगळ्यांची असते."

मी पाण्याचा पेला उचलला आणि उगाच प्यायले. इतके दिवस मी समजत होते की मी एकटीच पहारा देतेय. कॅमेऱ्याच्या दिवशी मांडीला मांडी लावून बसली होती ती तेवढ्यासाठी. आणि मी तिला मांजर म्हणाले होते.

विवेक उठून पॅसेजमध्ये गेला. सपाते काढले, मोजे काढले, आणि पहिल्यांदा स्वतःच्या घराच्या फरशीवर पाय ठेवला. मग गुडघ्यावर बसून तळहात टेकवला.

"आई," तो तिथूनच म्हणाला.

"पातेलं हलवू नकोस," मी म्हणाले. "लागतंय."

मृदुला तर गळतीचं ऐकतच नव्हती. डाव हातात तसाच धरून लेकीकडे बघत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ही अख्खं बोलली," ती मला म्हणाली. "आई, ही अख्खं वाक्य बोलली."

"चांगलं वाक्य नाही बोलली," मी म्हणाले. "पण शिकवणी घरचीच आहे."

हेमी आला, फरशी फोडली. खाली एका वळणावर पाइपला सुईच्या नेढ्याएवढं भोक. त्यातून वाफ येत होती, चहाच्या किटलीसारखी. हेमीने फोटो काढले, विवेकने पाठवले, गोड बाईंचा फोन आला. हे तुमच्या पहिल्यांदा लक्षात कधी आलं, आणि कसं कसं होत गेलं, असं तिने विचारलं. विवेकने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"हळूहळू," मी म्हणाले. "आणि लपून. तिचेच शब्द आहेत, सांग तिला."

पुरुषोत्तमराव येऊन खड्डा बघून गेले. पेल्यातून त्यांना पॅसेजचा संशय आलाच होता म्हणे, पण बाईमाणूस बसलेलं, बोलणार कसं. माझी हळद भरून द्यायचं मात्र नाव काढलं नाही.

खड्डा बुजला. तसली जुनी फरशी आता मिळत नाही, म्हणून नवी बसवली ती जास्त पांढरी निघाली. पॅसेजच्या मधोमध ठिगळ. काटा हिरव्यात जो बसला तो हलायचं नाव घेईना. घर सगळीकडे सारखं गरम, जसं असायला हवं तसं, आणि माझी जागा बाकीच्या पॅसेजसारखी गार. पॅसेजमध्ये रेडिएटर नाही. इंग्लंडच्या माणसाला वाटलं असेल, पॅसेजमध्ये कोण बसतंय.

मी सतरंजी गुंडाळली. अर्धी गोधडी घडी करून पिशवीत घातली. दुपारी सोफ्यावर जाऊन बसले, पाहुण्यासारखी, हात मांडीवर घेऊन. टीव्ही लावला नाही. आपण होऊन खोलीत डोकावायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. मी कुणाच्या दाराशी उभी राहणाऱ्यांतली नाही.

दीना शाळेतून आली. अनवाणी. मला सोफ्यावर बघितलं. स्वयंपाकघरात गेली. किटली वाजली. मग पावलं खोलीकडे जातील म्हणून मी कान देऊन बसले होते, ती गेली पॅसेजकडे.

तिकडून पातेल्याचा आवाज आला. मग हाक आली.

"आजी. सुई कुठेय?"

मी जाऊन बघते तर सतरंजी पसरलेली, वाकडी. गोधडी पिशवीतून निघालेली. नवी पांढरी फरशी कुठे दिसत नव्हती, कारण तिच्यावर मधोमध गरम पाण्याची पिशवी ठेवलेली होती, आणि पिशवीला टेकून, टॉवेल गुंडाळून, दह्याचं पातेलं.

"फरशी गार आहे," मी म्हणाले.

"माहितीये. मी गळती आणलीये." तिने भिंतीकडची जागा थोपटली. "ये. पण सरकून बस, मला पण जागा पाहिजे."

मी सरकून बसले. माझं बूड काही एवढं मोठं नाही.